आपला विद्यार्थी आणि परका विद्यार्थी



जून महिना उजाडला, की शाळेच्या कचेरीत माजी विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची वर्दळ सुरू होते. कोणास शाळा सोडल्याच्या दाखल्याची नक्कल हवी असते, कोणास अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत आमच्या शाळेत शिकल्याचे प्रमाणपत्र हवे असते. गुणपत्रिका तर प्रत्येकाच्या हाती असतेच. परंतु आपण कोठले, याचा पुरावा मात्र गोळा करावा लागतो.

काही वर्षांपूर्वी अशीच एक विद्यार्थिनी वडिलांसह माझ्याकडे आली होती. सातवीपर्यंत तिचे शिक्षण सांगली जिल्ह्यात झाले. नंतर वडिलांना गोव्यातील एका खासगी कारखान्यात नोकरी मिळाली, म्हणून आठवी ते दहावी ती आमच्या शाळेत शिकली. पुढे अकरावी-बारावीसाठी ती कोल्हापूरला मावशीकडे राहिली. मुलगी हुशार, कष्टाळू; डॉक्टर होण्याची तिची मनापासून इच्छा. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत गुणही चांगले मिळाले. परंतु अर्ज भरताना असे आढळले, की महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हाव्या लागतात. तिची दहावी गोव्याची. गोव्याच्या कोट्यासाठी वास्तव्याची आवश्यक वर्षे भरलेली नव्हती आणि बारावीही बाहेरची. जन्माने, भाषेने, शिक्षणाने ती दोन्ही राज्यांची होती. नियमाने मात्र एकाही राज्याची नव्हती.

या प्रसंगात कोणा कारकुनाची चूक नव्हती, की कोणी लबाडी केली नव्हती. नियमांप्रमाणेच सर्व घडले. म्हणूनच हे नियम कोठून आले, त्यांमागे कोणता विचार आहे आणि ते कोठे अपुरे पडतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत राज्यातील विद्यार्थ्याला बाहेरच्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक हक्क असावा काय, असा आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा स्वतंत्र भारतातील पहिला मोठा निवाडा ज्या गावाच्या निमित्ताने झाला, ते गाव आपल्या परिचयाचे आहे. ते म्हणजे होळकरांचे इंदूर. त्या काळी इंदूर मध्यभारत राज्यात होते. तेथील महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात १९५२ साली दिल्लीच्या एका विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला. मध्यभारतच्या रहिवाशांना नेहमीची फी होती. बाहेरच्या विद्यार्थ्यांना मात्र त्यावर दरसाल १,५०० रुपये जादा द्यावे लागत. त्या काळचे दीड हजार रुपये म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबाला न झेपणारी रक्कम. विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेला. जन्मस्थानावरून भेदभाव करू नये, असे घटनेचे १५ वे कलम सांगते. मग मी मध्यभारतचा नाही, एवढ्याचसाठी मला दंड का, असा त्याचा सवाल होता.

न्यायालयाने जानेवारी १९५५ मध्ये बहुमताने त्याच्या विरुद्ध निर्णय दिला. पाचांपैकी एका न्यायमूर्तींचे मत वेगळे पडले. बहुमताचा युक्तिवाद नीट ध्यानी घेण्यासारखा आहे. जन्मस्थान आणि रहिवास या दोन भिन्न गोष्टी होत, असे न्यायालयाने म्हटले. मनुष्य कोठे जन्मला, हे त्याच्या हाती नसते. तो कोठे राहतो, हे बदलू शकते. मध्यभारतच्या नियमाप्रमाणे बाहेरून येऊन तेथे कायमचे घर केलेल्या आणि पाच वर्षे राहिलेल्या नागरिकालाही रहिवासी मानले जात होते. तेव्हा हा भेद जन्मावरचा नसून रहिवासावरचा आहे, आणि घटनेच्या १५ व्या कलमात 'रहिवास' हा शब्द नाही. सरकारी नोकऱ्यांविषयीच्या १६ व्या कलमात तो शब्द आहे. नोकरीच्या बाबतीत रहिवासाची अट घालावयाची, तर ती संसदेनेच कायदा करून घालावी लागते. शिक्षणाच्या बाबतीत मात्र राज्याला मोकळीक राहिली. या एका शब्दाच्या असण्या-नसण्यावर पुढील सत्तर वर्षांचे प्रवेशाचे नियम उभे आहेत.

राज्याची बाजू काय, तेही न्यायाने पाहिले पाहिजे. महाविद्यालय राज्याच्या तिजोरीतून चालते. डॉक्टर घडविण्याचा खर्च विद्यार्थ्याच्या फीतून भागत नाही. तो मोठ्या प्रमाणात करदात्याच्या पैशातून होतो. ज्या शेतकऱ्याच्या, कामगाराच्या, दुकानदाराच्या पैशातून हे महाविद्यालय उभे राहिले, त्याच्या मुलास तेथे प्रथम जागा मिळावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय स्थानिक विद्यार्थी शिकून त्याच प्रांतात राहील, तेथील भाषेत रोग्याशी बोलेल, अशी आशा असते. ज्या प्रांतात चांगल्या शाळा कमी, तेथील मुलाला मोठ्या शहरांतील शिकवण्यांतून तयार झालेल्या मुलांशी एकाच रांगेत उभे केले, तर तो मागेच राहणार, हाही मुद्दा खोटा नाही.

परंतु हीच गोष्ट प्रत्येक राज्याने टोकाला नेली, तर देशाचे काय होईल? तत्कालीन म्हैसूर राज्यात वैद्यकीय प्रवेशासाठी दहा वर्षांच्या वास्तव्याची अट होती. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने तीही वैध ठरविली. अशा भिंती सर्वत्र उभ्या राहिल्या, की हुशार मुलाला आपले राज्य सोडून दुसरीकडे शिकण्याचा मार्गच राहत नाही. मग एका राज्यात कमी गुणांवर प्रवेश मिळतो आणि शेजारच्या राज्यात अधिक गुण असूनही दार बंद होते.

या दुसऱ्या बाजूचा विचार जून १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्याच्या निकालात झाला. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी लिहिलेल्या त्या निकालात म्हटले आहे, की भारतात अधिवास एकच, तो म्हणजे भारताचा. राज्ये 'डोमिसाईल' हा शब्द वापरतात, तो कायद्याच्या काटेकोर अर्थाने नव्हे, तर कायम वास्तव्य अशा सैल अर्थाने. सर्वच्या सर्व जागा रहिवाशांसाठी राखणे घटनेला धरून नाही, एम.बी.बी.एस.साठी असे राखीव प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर जाऊ नये, आणि शिक्षण जसजसे वरच्या पायरीचे होत जाईल, तसतसे ते कमी होत जावे, असे तत्त्व न्यायालयाने घालून दिले. कारण स्पष्ट आहे. गावच्या दवाखान्यातील डॉक्टर त्या प्रांताची भाषा जाणणारा असावा, हे पटते. पण मेंदूची शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ निवडताना त्याचे गाव विचारण्यात रोग्याचे हित नाही.

पुढे हे प्रमाण बदलले. १९८६ साली न्यायालयाने एम.बी.बी.एस.च्या एकूण जागांपैकी १५ टक्के जागा अखिल भारतीय स्पर्धेसाठी मोकळ्या ठेवण्यास सांगितले. पदव्युत्तर जागांसाठी ते प्रमाण २५ टक्के होते, ते २००३ साली ५० टक्के झाले. हिशेबाने सांगावयाचे, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०० जागा असतील, तर त्यांपैकी ३० जागांसाठी साऱ्या देशातील विद्यार्थी झगडतात आणि उरलेल्या १७० राज्याच्या नियमांप्रमाणे भरतात. आज दोन्हींसाठी परीक्षा एकच, 'नीट'. परंतु रांगा दोन. माझ्या विद्यार्थिनीला दुसऱ्या रांगेत कोठेच उभे राहता आले नाही. तिला केवळ पहिली, लांबलचक रांग उरली.

या मालिकेतील अलीकडचा मोठा निकाल २९ जानेवारी २०२५ चा. चंडीगडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या संदर्भात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरविले, की पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात रहिवासावर आधारलेले आरक्षण घटनेच्या १४ व्या कलमाचा, म्हणजे समानतेच्या हक्काचा, भंग करते. ज्या संस्थेतून एम.बी.बी.एस. झाले, तेथील विद्यार्थ्यांना काही प्रमाणात प्राधान्य देण्यास मात्र मुभा राहिली, आणि पूर्वी झालेल्या प्रवेशांना धक्का लावला गेला नाही. एम.बी.बी.एस.च्या पातळीवर रहिवासाला काही प्रमाणात स्थान असू शकते, हेही न्यायालयाने मान्य केले. म्हणजे १९८४ सालचे तत्त्व आणखी एक पाऊल पुढे गेले, इतकेच.

आता खरी अडचण पाहू. रहिवासी कोणाला म्हणावे, याची व्याख्या प्रत्येक राज्य स्वतःपुरती करते. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाला दहावी, बारावी आणि अधिवास हे तिन्ही पाहतात. अभियांत्रिकीसाठी मात्र, दहावी-बारावी बाहेर झाली असली, तरी विद्यार्थ्याचा अथवा आईवडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा अधिवास चालतो. कर्नाटकात सामान्य नियम असा, की पहिली ते बारावीच्या दरम्यान किमान सात वर्षे राज्यात शिक्षण झालेले असावे आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा तेथूनच उत्तीर्ण व्हावी. हैदराबादकडे घटनेच्या ३७१-डी या विशेष कलमाखाली १९७४ सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ८५ टक्के जागा स्थानिकांसाठी ठेवल्या गेल्या आणि सलग चार वर्षांचे शिक्षण हा स्थानिकपणाचा मुख्य निकष ठरला. तेलंगणाने आपल्या वैद्यकीय प्रवेशांसाठी घातलेली चार वर्षांच्या शिक्षणाची अट सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये वैध ठरविली. राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थांत निम्म्या जागा ज्या राज्यात संस्था आहे, तेथील विद्यार्थ्यांसाठी असतात. परंतु तेथे राज्य ठरते ते बारावी कोठून उत्तीर्ण झाली, यावरून. बडोद्याचा मुलगा शिकवणीसाठी राजस्थानात जाऊन तेथूनच बारावी झाला, तर या संस्थांच्या लेखी तो गुजरातचा राहत नाही, राजस्थानचा होतो.

एका ठिकाणी वास्तव्य मोजतात, दुसऱ्या ठिकाणी शाळेची वर्षे, तिसऱ्या ठिकाणी शेवटची परीक्षा. या मापांच्या फटींत नेमकी तीच मुले सापडतात, ज्यांचे आईवडील पोटासाठी फिरतात. केंद्र सरकारच्या आणि सैन्याच्या सेवकांच्या मुलांसाठी बहुतेक नियमांत सवलती असतात. खासगी कारखान्यातील फिटर, हॉटेलातील आचारी, बांधकामावरील मुकादम यांच्या मुलांचा विचार क्वचितच केलेला असतो.

आपल्यापुरता या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपल्यापैकी पुष्कळांची घराणी कोठे गेलीच नाहीत. सीमाच त्यांच्या घरावरून सरकल्या. बेळगाव मुंबई राज्यात होते. १९५६ साली ते म्हैसूर राज्यात गेले. बडोदे १९६० साली गुजरातेत आले. इंदूर-ग्वाल्हेरचे मध्यभारत १९५६ साली मध्यप्रदेशात विलीन झाले. गोवा १९६१ साली मुक्त झाला आणि १९८७ साली घटकराज्य बनला. आजोबा, वडील आणि नातू एकाच वाड्यात जन्मले, पण तिघांची राज्ये निराळी, असे दाखले आपल्या ओळखीत निघतील.

सीमेवरील मुलांसाठी काही वाट असावी, हे दोन्ही राज्यांनी ओळखले आहे. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, त्या भागातील मान्य संस्थांतून उत्तीर्ण झालेल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात राज्यातील उमेदवार मानले जाते. उलट दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज या तालुक्यांतील कन्नड, तुळू किंवा कोडव मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी कर्नाटकाच्या प्रवेशनियमांत तशीच तरतूद आहे. व्यासपीठांवर दोन्ही बाजू एकमेकींशी तावातावाने भांडतात. प्रवेशाच्या पुस्तिकेत मात्र दोघींनीही एकच गोष्ट लिहून ठेवली आहे, की नकाशावरील रेघ मुलाच्या आड येऊ नये. हे मला आशादायक वाटते. पण ही सवलत मातृभाषेला बांधलेली आहे, हेही विसरता कामा नये. ज्याची भाषा त्या दोन्हींपैकी नाही, अशा मजुराच्या मुलाने काय करावे?

राज्यांच्या सीमा तर राहोतच, एका राज्याच्या आतही असे कोट उभे राहू शकतात. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशासाठी विभागवार ७०:३० असा कोटा अनेक वर्षे होता. मराठवाड्याचा विद्यार्थी पुण्या-मुंबईत बाहेरचा ठरे. २०२० साली तो रद्द झाला. 'परका' हा शब्द एकदा वापरात आला, की त्याला सीमा राहत नाही.

अन्य देशांत काय चालते? अमेरिकेत घटकराज्यांची विद्यापीठे बाहेरच्या विद्यार्थ्याकडून कितीतरी अधिक फी घेतात. इंदूरच्या दीड हजार रुपयांची आठवण व्हावी, अशीच ती रीत आहे. तेथे बाहेरचा विद्यार्थी पुष्कळदा हवाहवासा असतो, कारण त्याच्या पैशाने विद्यापीठाचा गाडा चालतो. मग स्थानिक पालक कुरकुर करतात. म्हणूनच कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१७ साली आपल्या बहुतेक शाखांत बाहेरच्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवर जाऊ नये, असे धोरण केले. परंतु आपण घ्यावा असा धडा १९७३ सालचा आहे. कनेक्टिकट राज्याचा कायदा असा होता, की प्रवेशाच्या वेळी बाहेरचा असलेला विद्यार्थी शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच मानावा. तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. राज्याने रहिवाशाला प्राधान्य द्यावे, त्यास हरकत नाही. पण मी आता येथलाच झालो आहे, हे पुराव्याने सिद्ध करण्याची संधी मनुष्याला मिळालीच पाहिजे, असे त्या निकालाचे सार आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर स्थानिकांना प्राधान्य मुळीच असू नये, असे मी म्हणणार नाही. खेड्यातील शाळांत मी मुले पाहिली आहेत. त्यांच्यासाठी राज्याने काही जागा राखल्या नाहीत, तर वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी त्यांना दिसणारही नाही. परंतु प्राधान्य देताना तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, त्याला मर्यादा असावी आणि उच्च शिक्षणात ती उत्तरोत्तर आखडत जावी. दुसरी, रहिवासाचे माप सर्व राज्यांनी मिळून एक ठरवावे. बारा वर्षांच्या शालेय जीवनात ज्या राज्यात मूल सर्वाधिक वर्षे शिकले, ते त्याचे राज्य, एवढा साधा नियमही पुष्कळ मुलांना तारील. तिसरी, कोणत्याही हिंदी नागरिकाच्या मुलाला निदान एक राज्य तरी आपले म्हणता यावे. दोन राज्यांच्या मध्ये ते लोंबकळत राहू नये.

नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोवर पालकांना चार गोष्टी सांगून ठेवतो. दहावी आणि बारावी कोठून द्यावयाची, याचा निर्णय नववीतच, पुढील प्रवेशाचे नियम वाचून करा. शहाण्यासुरत्या शेजाऱ्याच्या सल्ल्यावर करू नका. मुलाने ज्या ज्या शाळा सोडल्या, त्या प्रत्येकीचा दाखला आणि शिक्षणाच्या वर्षांचे प्रमाणपत्र जपून ठेवा. जुन्या शाळेतून ते दहा वर्षांनी मिळविणे कठीण जाते. अधिवासाच्या दाखल्यासाठी निकालाची वाट पाहू नका. कचेऱ्यांत गर्दी होण्यापूर्वी तो काढून घ्या. आणि प्रत्येक वर्षी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. मोठ्या भावाच्या वेळचा नियम धाकट्या बहिणीच्या वेळी तसाच असेल, याची खात्री नसते.

त्या मुलीला त्या वर्षी वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही. वडिलांच्या महाराष्ट्रातील अधिवासावर तिने औषधनिर्माणशास्त्राचा अभ्यासक्रम घेतला. आज ती एका लहान गावातील औषधांच्या दुकानात उभी असते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गोळी कशी, केव्हा घ्यावी, हे मराठीत आणि कोंकणीत समजावून सांगते. परवा तिचा धाकटा भाऊ नववीत गेला. तिने मला पत्र पाठविले, त्यात क्षेमकुशल दोन ओळींत आटोपून पुढे एकच प्रश्न विचारला होता : "सर, याची दहावी कोठून करावी?"

तिला मी सविस्तर उत्तर लिहिले आहे. बरीचशी माहिती आज आपणांस सांगितली, तीच.